रिकाम्या कोपऱ्यातला डाग

शुक्रवारी सकाळी आठ वाजता सुनेने जेवणाच्या टेबलावरचं सगळं सामान उचललं, टेबल पुसलं आणि त्यावर आकाशाचे नऊ कागद मांडले. अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीवर तिला आणखी दोन दिवस हवे होते आणि अर्जाची मुदत दुपारी चारला संपत होती. वेळ मिळाला तर संस्थेतली नोकरी तीन वर्षं वाढणार होती, नाहीतर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा होता. तेव्हा काही झालं तरी अर्ज आज जाणारच, असा तिने चंग बांधला होता.

तिचा विषय होता एक दीर्घिकासमूह. अशा समूहात शेकडो दीर्घिका एकत्र नांदतात आणि त्यांच्यामधला वायू इतका तापलेला असतो की त्यातून क्ष-किरण निघतात. समूहाच्या कडेला मात्र तो विरळ होतो आणि खरी पंचाईत तिथेच असते, कारण मुळात सगळं आकाशच क्ष-किरणांत थोडं थोडं उजळलेलं असतं. म्हणून आधी दूरदूरच्या ठिपक्यांना एकेक गोल घालून वगळायचं, मग आकाशाचा एखादा रिकामा कोपरा घेऊन तिथला मंद उजेड मोजायचा आणि तो समूहाच्या उजेडातून वजा करायचा. उरेल तो वायू. या बाबतीत तिचे विभागप्रमुख इतके कडक होते की संस्थेत त्यांना सगळे वजाबाकीसर म्हणत.

वजाबाकीसरांचा एक नियम होता. संगणकाच्या नजरेतून सुटलेले पुसट ठिपके माणसाने शोधायचे, आणि तेही उत्तर काय यायला हवं याची कल्पना नसलेल्या माणसाने. हे काम करणारा सहकारी नेमका डोळे आल्यामुळे घरी बसला होता. उरल्या सासूबाई. त्यांनी छापखान्यात बेचाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती, आणि मोतीबिंदू काढल्यापासून तर त्यांना औषधाच्या बाटलीवरच्या बारीक मजकुरातल्याही चुका दिसत.

सासूबाईंनी बाह्या सरसावल्या, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि दोन तासांत दोनशे अकरा गोल घातले. नवरा रजा टाकून घरी थांबला होता. तो एकेका गोलाची जागा वाचून दाखवी आणि सून ती संगणकात भरी. शेवटचा कागद रिकाम्या कोपऱ्याचा होता. त्यावर एकही गोल नव्हता, पण समासात एक ठसठशीत प्रश्नचिन्ह होतं.

“आई, हे काय?” सुनेने विचारलं.

“तिथे काहीतरी पुसट दिसतंय. ठिपका नाही, म्हणून गोल नाही घातला.”

सुनेने पाहिलं. लिंबाएवढा फिकट डाग होता. आपला प्रिंटर हल्ली शाई सोडतो, असं म्हणत तिने खोडरबर घेतलं आणि प्रश्नचिन्ह पुसून टाकलं. सासूबाईंनी पेन्सिल पेटीत ठेवली आणि झाकण जरा जोरात लावलं.

साडेअकराला उत्तर आलं. समूहाच्या कडेचा उजेड शून्याच्याही खाली गेला होता.

सुनेने सगळे गोल लहान करून पाहिले, आकडा हलला नाही. मोठे करून पाहिले, तो आणखी खाली गेला. मग तिला संशय आला की नवऱ्याने सहाला नऊ वाचलं असावं. नवऱ्याने दोनशे अकरा गोल पहिल्यापासून वाचले, त्याचा घसा बसला आणि आकडा होता तिथेच राहिला. शेवटी तिने वजाबाकीसरांना फोन लावला. शून्याखालचा उजेड आपण अजून पाहिलेला नाही, असं सर शांतपणे म्हणाले. कुठेतरी जास्त वजा झालंय ते शोधा, नाहीतर असला अर्ज पाठवू नका, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

अडीच वाजले होते. सुनेला हार मानायची नव्हती, म्हणून तिने राग दुसरीकडे काढला.

“आई, तुम्ही गोल जरा जास्तच घातलेत. त्यातच माझा वायू गेला.”

बेचाळीस वर्षांत सासूबाईंना असं कुणी ऐकवलं नव्हतं. त्या उठल्या, नऊही कागद एकावर एक नीट जुळवले, खिडकीच्या काचेवर धरले आणि एकेक करून खाली उतरवले. मग त्यांनी शेवटचा कागद सुनेच्या पुढ्यात ठेवला.

“यंत्राचा डाग प्रत्येक कागदावर त्याच जागी पडतो. हा एकाच कागदावर आहे. हा शाईचा नाही, तुझ्या आकाशाचा आहे.”

सून त्या डागाकडे बघतच राहिली. कोपरा रिकामा नव्हताच. तिथे दुसरा एक समूह होता, फार दूरचा, आजवर कुणी न नोंदवलेला, आणि सकाळपासून ती आपल्या समूहातून तो अख्खाच्या अख्खा वजा करत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं माझं, आई,” ती म्हणाली. सासूबाईंनी उत्तरादाखल पेटी उघडून पेन्सिल काढली.

नवा कोपरा निवडला, सासूबाईंनी तो तीनदा तपासला आणि साडेतीनला आकडा शून्याच्या वर आला. अर्जाच्या तळाशी सुनेने घाईघाईत एक ओळ वाढवली की जमल्यास या डागासाठीही थोडा वेळ द्यावा. चारला चार मिनिटं असताना अर्ज गेला. नवऱ्याने बसलेल्या घशाने काहीतरी आनंदाचं म्हटलं, ते कुणालाच कळलं नाही.

महिना संपायच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. समूहाला वेळ नाकारला होता आणि डागाला चार दिवस दिले होते. नोकरी वाचली. सुनेने पत्र छापून घेतलं आणि पहिल्यांदा सासूबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. शेवटी समितीने लिहिलं होतं, ‘रिकाम्या भासणाऱ्या जागेबाबत अर्जदाराने दाखवलेली सावध नजर उल्लेखनीय आहे.’ सासूबाईंनी लाल पेन्सिलीने ‘अर्जदाराने’ या शब्दाला एक छानसा गोल घातला आणि समासात प्रश्नचिन्ह केलं.

ते पत्र सुनेने संस्थेतल्या आपल्या टेबलासमोर तसंच लावलं आहे. या खेपेला तिने खोडरबराला हात लावला नाही.