परबकाकांची तंगडी

कुणाच्याही घरी गेले की परबकाका आधी संडास बघतात. पाणी नको, खुर्ची नको, थेट संडास. काकांना घाई लागली असेल असं समजून लोक बिचारे धावत जाऊन दिवा लावतात. काका वाकून भांड्याची उंची बघतात, बाहेर येतात आणि मग नमस्कार करतात.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही तेच. पोहे यायच्या आत पाहणी उरकली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी बरी आसा. पण भांडा रस्त्यापेक्षा खाली आसा." लग्न जमलं, पण अक्षता पडेपर्यंत काका व्याह्यांच्या मागे लागले होते, भांडं वर घ्या म्हणून.

आता यात काकांचं अगदीच चुकत नाही. मालाडला आमच्या बिल्डिंगमागे नाला आहे. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की नाल्याचं पाणी उलटं गटारात शिरतं आणि तळमजल्याच्या संडासांतून वर येतं. एकटं येत नाही. जास्त सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

"पाणी वरसून येता, त्येका छत्री आसा. खालसून येता, त्येका काय?" काका विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, "तंगडी!"

तंगडी म्हणजे जुन्या जीन्सचा एक पाय. काका तो कापतात, आत रेतीची पिशवी भरतात, दोन्ही तोंडं शिवतात. पाणी चढायला लागलं की ही तंगडी भांड्यात ठोसायची. तळमजल्यावर घरटी एक आहे. गेल्या पावसाळ्यात माझी मावशी बोरिवलीहून राहायला आली. रात्रीच्या पावसात ठोसलेली तंगडी भांड्यात तशीच होती. मावशी सकाळी संडासात गेली आणि किंचाळत बाहेर आली, "अगं, आत कुणीतरी उलटं पडलंय!"

काका तळमजल्यावरच, आमच्या शेजारी एकटे राहतात. काकी जाऊन दोन वर्षं झाली. काका चिखलाचे पाय घेऊन घरात शिरले की काकी ओरडायच्या आणि काका हसत म्हणायचे, "बघ, वराडता!" रोज दारातून विचारणार, "तंगडी जाग्यावर आसा मा गो?" मी त्यांची भरपूर टिंगल केली आहे, कबूल करते.

या पावसाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. टाके ओले होते. तिला हलवायचं नाही आणि घाण पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लिफ्ट नाही, वर नेणार तरी कशी? आणि नेमकं एका दुपारी कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी भरलं. उंबरा उंच म्हणून दारातून आलं नाही, पण संडास गुडगुडायला लागला. मी तंगडी ठोसली. ती हलायला लागली. माझी पार तंतरली. मी काकांना हाक मारली.

काका अर्ध्या चड्डीत, खांद्यावर आणखी एक तंगडी घेऊन धावत आले. ती पहिलीवर दाबली. तरी हलतेच!

"वजन कमी पडता," काका म्हणाले आणि स्वतःच वर बसले.

बसले ते दोन तास. तिथेच चहा मागवला, साखर कमी. मधूनमधून भरतीची बातमी ओरडून सांगत होते. आईने खाटेवरून विचारलं, "भावजी, ठीक आहात ना?"

"झकास, वैनी! तुमी पडान रवा!"

ओहोटी लागली, पाणी उतरलं. आमच्या घरात एक थेंब आला नव्हता. मी काकांना सोडायला त्यांच्या दारापर्यंत गेले आणि बघतच राहिले. आत घोटाभर काळं पाणी. चपला तरंगत होत्या, गादीची कड भिजली होती. भांडं उघडंच होतं.

"काका, तुमची तंगडी?"

"तुझ्याकडे."

मला इतका राग आला! "अहो, स्वतःचं आधी बघायचं ना!"

काका आत शिरले, एक चप्पल उचलली, झटकली. "माझ्या घरात घाण इली तर वराडूक आता कोण आसा गो?"

 दोन्ही दारं उघडी होती आणि आईने ऐकलं. ऑपरेशनपासून ती कुजबुजल्यासारखी बोलत होती. आता खाटेवरूनच कडाडली, "भावजी! त्या घाणीत उभे काय राहिलात? आधी नळावर पाय धुवा! ती चड्डी टाकून द्या! आणि तसल्या पायांनी माझ्या घरात आलात तर याद राखा! जेवायला इथेच यायचंय, कळलं?"

"आई, अगं हळू..." मी म्हटलं.

काका त्या पाण्यात चप्पल हातात धरून उभे होते. डोळे भरले होते. मला म्हणाले, "जरा गप रव गो. वैनी वराडतत."