प्लास्टर की पट्टी?

मुलांच्या हिताबाबत आईवडिलांचे मत नेहमीच ठाम असते, आणि शास्त्राला नेमके तेच मानवत नाही. म्हणून जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका दवाखान्याने एक निःपक्षपाती प्रयोग हाती घेतला. मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेलेल्या मुलांपैकी निम्म्यांना प्लास्टर, निम्म्यांना साधी पट्टी. कोणाला काय, ते चिठ्ठी ठरवणार. (पालकांची संमती घ्यायची होती. मत नव्हे.)

कारखान्यात काम करणाऱ्या टिकारामची मुलगी इंदू झोक्यावरून पडली. तिच्या चिठ्ठीत पट्टी निघाली. आई शेवंता डॉक्टर रत्नाकरांसमोर उभी राहिली.

"पलस्तर काहून नाही जी?"

"बाई, दोन्ही सारखेच गुणकारी आहेत का, तेच तर आम्ही पाहून राहिलो."

"अच्छा. सारखंच असन, तर मग पलस्तरच द्या ना!"

या युक्तिवादाला वैद्यकशास्त्रात अद्याप उत्तर नाही. डॉक्टरांनी चहा मागवला. (स्वतःसाठी.)

शेवंताने मुकाट्याने पट्टी बांधून घेतली आणि इंदूला थेट भेडाघाटला मूर्तिकार मुरलीधर भैयांकडे नेले. भैया संगमरवराखेरीज प्लास्टरच्या, सोनेरी मुकुटाच्या सरस्वतीही घडवत. "हाथ ही तो है, दीदी," म्हणत त्यांनी इंदूच्या मनगटावर असे गुळगुळीत प्लास्टर चढवून दिले की दवाखान्याने लाजावे. तपासणीच्या सकाळी ते कापून हाताला पट्टी गुंडाळायची, तपासणी झाली की नवे चढवायचे. बातमी पसरली. पट्टीच्या गटातली बहुतेक मुले भैयांच्या अंगणात सरस्वतींच्या रांगेत वाळत बसू लागली.

एकदा डॉक्टरांना इंदूच्या मनगटावर सोनेरी पूड दिसली.

"हे काय?"

"हळद आहे जी," शेवंता म्हणाली. डॉक्टरांनी प्रगती समाधानकारक असल्याचे नोंदवले.

प्लास्टरच्या गटातही स्वतंत्र विचारांचे पालक होतेच. त्यांनी प्लास्टर घरी भिजवून सोडवले आणि मुलांचे हात रोज तेलाने रगडले.

इंदू मात्र रडायची. "आई, आत लई खाजते. डॉक्टरची पट्टीच बरी होती." पण तिचे मत कोणत्याच पक्षाने मागितले नव्हते.

निष्कर्ष निर्विवाद निघाला : पट्टीची मुले लवकर बरी झाली. परिषदेत टाळ्या पडल्या आणि दवाखान्यातून प्लास्टर कायमचे बाद झाले. आता तिथे सर्व मुलांना पट्टीच बांधतात.

आपले मूल पडले तर निर्धास्तपणे तिथेच न्यावे. त्याला कसे वाटते, हे विचारण्यात वेळ घालवू नये. ते आपल्याला माहीत असतेच.