निंबाच्या पाण्यातले काका

तुकारामकाकांच्या घरात पांढरं कापड तग धरत नसे. नवं धोतर असो की उशीचा अभ्रा, आधी त्याला अंगणातल्या जर्मनच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, उतरावं लागे. गंजात निंबाचा पाला, हळद आणि बाभळीची साल. रटरट उकळून बाहेर आलेलं कापड आजारी पोपटासारखं दिसे. "कापड म्हंजे दुसरं कातडं, मास्तर. त्याले औषध पाजा लागते," हे काकांचं ठरलेलं वाक्य.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझी खामगावच्या शाळेत बदली झाली आणि काकांच्या शेजारची खोली मिळाली. काका कापसाच्या जिनातून निवृत्त झालेले, बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात माझा पांढरा सदरा दोरीवरून नाहीसा झाला आणि संध्याकाळी पोपटी होऊन परतला. आता मला खरूज व्हायची नाही, असं काकांनी छातीठोक सांगितलं. दुसरा सदरा नव्हता, तोच घालून शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कावीळ झाली का म्हणून चौकशी केली. तेव्हापासून माझी बायको सुमन धुणं वाळेपर्यंत दारात राखण बसू लागली.

दिवाळीत चकल्या तळताना तिच्या हातावर कढईतलं तेल उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. डॉक्टरांनी मलम लावलं आणि बजावलं, जखम चिघळली तर हाताचं काही खरं नाही. घाबरून घरी आलो, तर काका पोपटी पट्ट्यांची चळत घेऊन उंबऱ्याशी उभे. मी त्यांना वाटेला लावणार होतो. पण ते सुमनपुढे खाली बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले,

"पोरी, माह्या बायकोच्या पायात पऱ्हाटीचं, कपाशीचं खुंट घुसलं व्हतं. म्या धोतराचा मयका, घाणेरडा तुकडा बांधला. ह्याच हातानं बांधला. पाय सडला अन् ती गेली."

मी एक पट्टी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पट्टी हुंगून नाक मुरडलं. उकळलेली आहे ना, मग माझ्या मलमपट्टीवरून बांधा, म्हणाले. तशी तडजोड झाली. काका रोज सकाळी ताजी पट्टी आणत, साबणानं हात धुऊन बांधत आणि जुनी हुंगून मान डोलवत निघून जात.

जखम चिघळली नाही. कोवळी गुलाबी कातडी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मलमाचा गुण. काका म्हणाले, निंबाचा. सुमन म्हणाली, इतके दिवस पाटा-वरवंटा मास्तरांनी ओढला, त्याचा. काकांसकट आम्ही तिघंही बऱ्याच दिवसांनी मोकळं हसलो. छातीवरचा धोंडा उतरला होता. पट्टी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीच्या वेळी दारात हजर. हातात ताजी पट्टी. आता गरज नाही, असं मी सांगणार, तोच सुमननं मला डोळ्यांनी गप्प केलं. तिनं पाट सरकवला आणि बरा झालेला हात त्यांच्यापुढे धरला. काका एकेक वेढा नीट बसवत पट्टी बांधू लागले.

"दुखते काय?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं दुखतं अजून," सुमन म्हणाली. "उद्याही या."