शून्याचा दगड

आमच्या शहराची जमीन खचत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मीच ती मोजतो. मोजणी कचेरीच्या व्हरांड्यात एक काळा दगड आहे, त्यावर पितळी खूण आहे आणि त्या खुणेला शून्य म्हणायचं असं ठरलेलं आहे. शहरातला प्रत्येक उंबरठा आणि प्रत्येक पूल या शून्याच्या किती वर किंवा किती खाली, याची नोंद दरवर्षी होते. एकेचाळीस वर्षांच्या नोंदींत इंचाचाही फरक नाही. इतकं स्थिर शहर शोधून सापडायचं नाही.

फक्त भरतीच्या वेळी नदी रस्त्यावर येते. आत्याच्या स्वयंपाकघरात तर ती दिवसातून दोनदा येते. मी आत्याकडेच राहतो, तिनेच मला लहानाचं मोठं केलं, त्यामुळे नदीचं येणंजाणं मला पाठ आहे. शेगडी टेबलावर, टेबल विटांवर आणि आत्या स्टुलावर, असा आमचा स्वयंपाक होतो. शेवटी आत्याने ठरवलं, खाली जॅक लावून अख्खं घर तीन फूट उचलून घ्यायचं. वर्षातली सगळ्यात मोठी भरती महिन्यावर आली होती आणि मिस्त्रीच्या मते या खेपेला भिंती टिकल्या नसत्या. पण घर उचलायला परवानगी लागते, परवानगीला जमीन खचल्याचा दाखला लागतो आणि दाखला आमच्या कचेरीतून मिळतो.

"घरचाच माणूस कचेरीत आहे म्हटल्यावर काम झालंच की," आत्या म्हणाली.

मी मोजलं. तिचा उंबरठा दगडाच्या एक फूट दोन इंच खाली होता. एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीतही एक फूट दोन इंचच. मी शेरा लिहिला, 'घर तसूभरही हललेलं नाही.' त्या दिवशी आत्याने मला जेवायला वाढलं, पण ताट आदळून.

दुसऱ्या दिवशी ती चपला हातात घेऊन कचेरीत आली. चपला हातात, कारण कचेरीतही पोटरीभर पाणी होतं. फायली कपाटांवर चढल्या होत्या, हेडक्लार्क टेबलावर चढले होते आणि साहेब खुर्चीत मांडी घालून सह्या करत होते.

"साहेब, तुमचे पाय वर का?"

"आरोग्याच्या दृष्टीने," साहेब म्हणाले.

"अहो, तुमचा दगडच खाली गेलाय. माझ्या घराबरोबर तोही खाली जातोय, मग फरक दिसणार कसा?"

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, दगड म्हणजे शून्य. शून्य खाली गेलं असं मानलं, तर एकेचाळीस वर्षांच्या नोंदी चुकीच्या ठरतील. आणि त्या बरोबर आहेत, कारण त्यांवर सह्या आहेत."

"मग माझ्या घरात पाणी कुठून येतं?"

"नदी वर आली आहे. नदीचं आमच्याकडे काही नसतं."

आत्याने साहेबांच्या टेबलाखाली बघितलं.

जमीन का खचते, हे खरं तर शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. घरोघरी अंगणात पंप आहेत, जमिनीखालचं पाणी अखंड उपसलं जातं आणि पाणी गेलं की वरचा गाळ बसत जातो. दोन वर्षांपूर्वी यावर नागरिकांची मोठी सभाही झाली होती. शेजाऱ्याने आपला पंप ताबडतोब बंद करावा, असा ठराव तिथे एकमताने मंजूर झाला.

आत्याचं बोलणं अगदीच वाया गेलं नाही. दगड भिजतोय ही गोष्ट साहेबांच्या मनाला लागली. आठवड्याभरात त्यांनी दगड उचलून तीन फूट उंच चौथऱ्यावर बसवून घेतला, खूण घासून लखलखीत केली. सोमवारी मी नेहमीप्रमाणे मोजायला निघालो आणि शनिवारपर्यंत सगळं शहर तीन फूट खचलं.

"चार फूट दोन इंच!" आत्याने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. "आता देतील ना दाखला?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "तुम्ही खचला आहात, हे आम्हाला मान्य आहे. पण दगडाच्या चार फुटांहून खाली ते सगळं नदीपात्र. तुमचं घर दोन इंचांनी नदीत गेलंय. नदीत घर असूच शकत नाही, तर उचलायची परवानगी कशाला द्यायची?"

भरतीला पाच दिवस उरले होते. मला साहेबांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण ते दोन इंच माझ्याच अक्षरात होते.

आत्याने मात्र एवढंच विचारलं, "नदीत काय असू शकतं?"

"होडी," मी म्हणालो.

ती तडक होडी नोंदणीच्या खिडकीवर गेली. मी मागे.

"होडी चालते का?" कारकुनाने विचारलं.

"नांगरलेली आहे."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"पाणी आत येतं?"

"दिवसातून दोनदा."

कारकून दचकला. 'होडी चार दिवसांत वर उचलून दुरुस्त करावी, अन्यथा नोंदणी रद्द होईल,' अशी लेखी ताकीद त्याने जागेवरच दिली. खलाशी म्हणून माझं नाव लागलं. मिस्त्रीने जॅक लावले आणि भरतीच्या आदल्या दिवशी घर तीन फूट वर आलं.

बांधकामात बदल झाला की नव्याने मोजणी करावी लागते. मी केली. उंबरठा दगडाच्या एक फूट दोन इंच खाली. जुनी नोंद काढून पडताळली आणि शेरा लिहिला, 'घर तसूभरही हललेलं नाही.'

भरती आली, पायरीशी घुटमळली आणि परत गेली. शेजारच्या घरात मात्र माणसं माळ्यावर चढून बसली होती. आत्याने पदर खोचला आणि भिंतींवरचा जुना चिखल धुवायला अंगणातला पंप सुरू केला.

"आत्या, पंप?"

"पाचच मिनिटं रे. आणि आधी शेजारच्यांना सांग ना. ठराव झालाय की नाही?"

वाचकहो, तुम्ही हसलात, म्हणजे तुमच्याकडचा पंप बंदच असणार. तरी एक विचारतो, राग मानू नका. मघापासून पाय वर घेऊन का बसला आहात?