साळवे झोपलेले नव्हते

"आमच्या रविवारच्या चित्रपट मंडळाचे सर्वांत निष्ठावान प्रेक्षक म्हणजे साळवे. ते पहिल्या रांगेत बसत आणि नावे संपण्याआधीच झोपी जात. एकदा झोपेत त्यांना वाईट स्वप्न पडले आणि ते भर सभागृहात हुंदके देऊन रडले. तोच चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा मात्र त्यांची झोपमोड झाली असावी; ते मधूनच उठून घरी गेले."

ही चार वाक्ये आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत छापून आली आहेत. लेखक प्रधान, चौथा मजला, निवृत्त बँक अधिकारी. चारांपैकी पहिले वाक्य खरे आहे आणि ते मीच त्यांना तोंडी सांगितले होते. उरलेली तीन त्यांची स्वतःची आहेत.

साळवे पहिल्या रांगेत कधीच बसले नाहीत. ते दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर, उजव्या स्पीकरपासून हातभर अंतरावर बसत. ज्याला झोपायचे असते तो स्पीकरशेजारी बसत नाही. एवढे तर्कशास्त्र बँकेतही चालत असावे. ते डोळे मिटून बसत, हे मला मान्य आहे. चित्रपट सुरू झाला की ते चष्मा काढून खिशात ठेवीत, हात मांडीवर घेत आणि डोळे मिटीत. कोणी हलवले तर म्हणत, "डोळा लुच्चा असतो. कान गरीब. मी गरिबाबरोबर बसलोय."

सुखदेव साळवे आमच्या तळमजल्यावर राहतात. मूळचे जालन्याकडचे, निम्मे आयुष्य मानखुर्दच्या खोलीत गेले, निवृत्तीनंतर मुलुंडला आले. अंधेरीच्या एका स्टुडिओत त्यांनी बत्तीस वर्षे जे काम केले, त्याचे नाव सांगितले की लोक प्रथम हसतात. पडद्यावर माणूस चालतो, दार लोटतो, पेला ठेवतो, त्याचे आवाज चित्रीकरणाच्या वेळी नीट मिळत नाहीत. ते मागाहून, अंधाऱ्या खोलीत, पडद्याकडे बघत कोणीतरी करायचे असतात. हा कोणीतरी म्हणजे साळवे. डाकूंच्या टाचा, सासूबाईंच्या किल्ल्या, वकिलाने आपटलेली फाइल, हे सर्व त्यांच्या हातापायांतून गेले आहे. एका प्रसिद्ध नटीविषयी ते अगदी सहज म्हणतात, "बाई जुहूला बंगल्यात राहायच्या, पण पाय माझे होते."

या व्यवसायाचे परिणाम उरलेच. साळव्यांना माणूस चेहऱ्याने ओळखू येत नाही. जिन्यात मी समोर उभा राहिलो तर ते मला परका समजतात; दोन पायऱ्या चढलो की म्हणतात, "सर का? डावी टाच झिजलीय तुमची, बदला." प्रधानांविषयी त्यांचे एकच मत मी ऐकले आहे. "साहेब जिना चढताना मोठे असतात, उतरताना लहान." याचा अर्थ मी विचारला नाही, कारण मला तो न कळताच आवडला होता.

त्यांच्या पत्नी कौसाबाई हयात असताना दाराशी नेहमी वीसेक जोड चपला-बुटांची रांग असे. सगळी कामाची हत्यारे. कौसाबाई म्हणत, "माणसं दोन आन् जोडे वीस. पाव्हणे दारातनंच माघारी जातेत. म्हणतेत, आत लई मंडळी दिसतेत, पुन्हा येऊ."

मी चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकवले. कोणत्या ओळीवर का गहिवरावे, हे शिकवण्याचा मला पगार मिळत असे. त्यामुळे साळव्यांची ओळख झाल्यावर माझी जी पंचाईत झाली, ती प्रामाणिकपणे लिहितो. ऐन उमेदीत मी एका चित्रपटात रडलो होतो. नायिका प्रियकराला सोडून बर्फातून एकटी चालत जाते, एवढाच तो प्रसंग. ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नव्हती. साळव्यांना सांगितली.

ते खूश झाले. "कॉर्नफ्लॉवर, सर. दोन किलोची पिशवी. मुठीनं दाबायची, एक सोडून एक."

"पण ती पावले इतकी एकाकी वाटतात."

"पिशवी अर्धी रिकामी होती. भरलेली असली की एकाकी नाही वाटत."

त्या दिवसापासून मी गोंधळलेला आहे. मी रडलो तो नायिकेसाठी, की साळव्यांच्या मुठींसाठी, की त्या अर्ध्या पिशवीसाठी? हा प्रश्न मी त्यांनाच विचारला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "रडू आलं ना? मग झालं की." हे उत्तर नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले.

आता स्मरणिकेतल्या मुख्य आरोपाकडे येतो.

ज्या चित्रपटावरून वाद आहे त्याचे नाव मी सांगत नाही, कारण सांगितले तर प्रधान नावावरही हरकत घेतील. तो जुना मराठी चित्रपट माझा अत्यंत आवडता. माझ्याकडची डीव्हीडीची तबकडी मीच मंडळाला दिली होती आणि आरंभी दहा मिनिटे बोलण्याचा मान अर्थातच माझा होता. त्यातल्या एका तरुण विधवेला निरोप येतो की माहेरी न्यायला भाऊ येणार नाही. ती काही बोलत नाही. चुलीपुढे बसते आणि भाकरी करू लागते. मी म्हणालो, "येथे संवाद नाही, संगीत नाही. येथे केवळ नीरव शांतता बोलते."

दुसऱ्या रांगेतून साळव्यांचा आवाज आला. "शांतता कुठंय, सर? बाई भाकरी थापतीय की."

सभागृह हसले. मी हसलो नाही. पण पुढे तो प्रसंग पडद्यावर आला, आणि मिटल्या डोळ्यांनी बसलेले साळवे एकाएकी हुंदके देऊ लागले. कोणी पाणी आणले, कोणी पंखा वाढवला. प्रधान म्हणाले, "स्वप्न पडलं असेल, उठवा त्यांना." मी काय समजलो, तेही सांगून टाकतो. मी समजलो, माझ्या भाषणाचा परिणाम झाला.

वर्षभराने प्रधानांनी मंडळाला मोठा टीव्ही मिळवून दिला आणि तोच चित्रपट, नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीत, इंटरनेटवरून लावला. चित्र आरशासारखे होते. मी पुन्हा शांततेवर बोललो. चुलीचा प्रसंग आला, तसे साळव्यांनी डोळे उघडले. चालू चित्रपटात त्यांचे उघडे डोळे मी प्रथमच पाहिले. ते पडद्याकडे असे बघत होते, जसा माणूस चुकीच्या मजल्यावर उतरल्यावर दाराकडे बघतो. मग ते उठले, चपला हातात घेतल्या आणि कुणालाही चाहूल लागू न देता निघून गेले.

त्यानंतर स्मरणिका निघाली. इमारतीत "जरा साळवे करून येतो" असे म्हणण्याची पद्धत पडली. दुपारी लिफ्टमध्ये मीही एकदा ते ऐकले आणि म्हणणाऱ्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत सुनावले. साळव्यांची खुर्ची मात्र रिकामी राहू लागली.

मी त्यांच्याकडे गेलो. "साळवे, मी प्रधानांना लेखी उत्तर देतो आहे. आपण झोपला नव्हता, एवढे सही करून द्या."

"कशाला, सर? झोपलोच असेन."

"आपण स्पीकरशेजारी बसत होता."

"साहेब म्हणतात तसं स्वप्न पडलं असेल. मलाच आता कळेना झालंय."

वाद घालायला आलेल्या माणसाला समोरच्याने शरण जाणे फार अवघड जाते. मी सहीचा कागद परत खिशात घातला, म्हणून ते बोलले असावेत.

त्या प्रसंगातली भाकरी स्टुडिओत तिघाचौघांनी थापून पाहिली होती. जमेना. "पुरुषाची भाकरी ऐकायला जड लागते. डायरेक्टर म्हणाले, बाई आण. मी हिला आणलं. मानखुर्दहून, बसनं, काठवट पिशवीत घालून. चार भाकरी थापल्या हिनं. संध्याकाळी पीठ घरी नेऊन पुन्हा थापल्या, भाजल्या, खाल्ल्या. आवाज तेवढा तिकडं राहिला."

कौसाबाईंना जाऊन चार वर्षे झाली.

"हिचा आवाज कुठंच नाही, सर," साळवे म्हणाले. "सगळ्या जगाचे पाय वाजवले. हिला कधी म्हटलं नाही, बोल काहीतरी, भरून ठेवतो. त्या दिवशी हॉलमध्ये वाटलं, ही शेजारी बसून थापतीय. दुसऱ्या टायमाला ठोके सगळे आहेत, पण ही नाही. मग पहिल्यांदा तरी होती का? का माझंच काहीतरी?"

तो चित्रपट मी सात वेळा पाहिला होता, आणि साती वेळा मला शांतताच ऐकू आली होती.

मी माझी जुनी तबकडी शोधून काढली. रविवारी दुपारी साळव्यांना घरी बोलावले आणि प्रधानांनाही. साक्षीदार नेहमी विरुद्ध पक्षाचा असावा. प्रसंग लावला. विधवा चुलीपुढे बसली, थापू लागली. प्रधान म्हणाले, "यात काय ऐकायचं? भाकरी आहे." मलाही भाकरीच ऐकू आली.

"डोळे मिटा," साळवे म्हणाले. "सर, तुम्ही पण. साहेब, मिटा ना."

आम्ही तिघांनी डोळे मिटले. पिठावर तळहात पडत होता, थप, थप, आणि दर दोन ठोक्यांनंतर, भाकरी फिरवण्याच्या क्षणी, काचेचा एक बारीक किणकिणाट. मी डोळे उघडले की तो नाहीसा होई; मिटले की परत येई. असे मी चार वेळा करून पाहिले. साळवे काही करून बघत नव्हते. ते नुसते बसले होते आणि त्यांचा उजवा तळहात मांडीवर हळूहळू फिरत होता.

चहा घेऊन माझी सून आली. "अगंबाई, तुम्ही तिघंही झोपलात?"

कप ठेवून ती गेल्यावर प्रधानांनी घसा साफ केला. "तबकडी जुनी आहे, सर. ओरखडा असणार. नव्या प्रतीत तो काढून टाकलाय, म्हणून तिथे वाजत नाही. सरळ आहे."

ओरखडा इतका वेळेवर कसा वाजेल, असे मी म्हणू लागलो, पण माझे मलाच ते पटेना. उत्तर साळव्यांनी दिले, तेही डोळे न उघडता.

"ओरखडा नाही, साहेब. चूक आहे. बत्तीस वर्षांत एकच केली. साउंडवाले म्हणाले, बाई, बांगड्या काढून ठेवा, सीनमध्ये बसत नाहीत. ही म्हणाली, नाही काढत. मी म्हटलं, अगं, पडद्यावरच्या बाईचा नवरा गेलाय. तर म्हणाली, तिचा गेलाय. माझा तर ह्यो हितं बसलाय धडधाकट, मी कशापायी हात मोकळे करू? साउंडवाले हसले. वेळ नव्हता. मी म्हटलं, राहू द्या, कुणाला ऐकू येत नाही."

प्रधानांनी चष्मा पुसला आणि टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले. मी प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लावला आणि या वेळी उघड्या डोळ्यांनी केवळ तिच्या हातांकडे पाहिले.

प्रधानांनी पुढच्या स्मरणिकेत काय छापावे हा त्यांचा प्रश्न आहे. वस्तुस्थिती एवढीच आहे की पडद्यावरच्या त्या विधवेच्या दोन्ही मनगटांत काही नाही, आणि भाकरी फिरवताना बांगड्या वाजतात.