हिरव्या नदीचा नकाशा

ताईने भावाला आग्रहाने जेवायला बोलावलं, ताट वाढलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. पहिला घास तोंडात जायच्या आतच त्याला कळलं, की आजच्या आग्रहात कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि पाणी कुठे मुरतं हे शोधणं हाच तर त्याचा धंदा. तो पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होता. कुठल्या ओढ्यात शिसं किती, कुठल्या बोअरमध्ये जस्त किती, कुठल्या कारखान्याचं तेल जमिनीतून कुणाच्या विहिरीत उतरलं, हे तो बाटल्या भरभरून शोधायचा. दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. हे माप त्याच्या जिभेवर असं बसलं होतं, की भाजीत मीठ कमी पडलं तरी तो "दोन-चार पीपीएम वाढव" म्हणायचा. त्यामुळे सगळे त्याला पीपीएम म्हणत. बायको एरवी "अहो" म्हणे. रागात असली की तीसुद्धा पीपीएमच म्हणे.

ताईची आणि दाजींची लॉन्ड्री होती. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रातून निथळणारं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जायचं आणि जमीन ते मुकाट्याने पिऊन टाकायची. लॉन्ड्रीपुढचा रस्ता जिथे उतरत उतरत संपतो, तिथे मोठ्या बाईंचं घर. या बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी एकेकाळी अंगठे धरून उभं केलेलं. त्यांनी अर्ज दिला होता, की माझ्या विहिरीच्या पाण्याला ड्रायक्लीनिंगचा वास येतो. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दाजींना बोलावून सांगितलं, की तुमचं पाणी त्या विहिरीत पोचतंय असं दिसलं तर लॉन्ड्रीला कुलूप. तेव्हापासून दाजींनी हाय खाल्ली होती. इस्त्री फिरवता फिरवता थांबायचे आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर तपकिरी त्रिकोण उमटवून ठेवायचे.

"तू तपास आणि सांग, की आमचं पाणी तिकडे जात नाही," ताई म्हणाली.

"तपासतो. जे निघेल ते सांगतो."

"तेच निघेल," ताई म्हणाली आणि तो नको नको म्हणत असताना तिने भाजी वाढली.

मनातून पीपीएमलाही वाटत होतं, की ताईचं पाणी एवढ्या लांब जाणार नाही. शिसं, जस्त असले धातू मातीच्या कणांना चिकटून बसतात, ड्रायक्लीनिंगचं औषध माती धरत-सोडत रमतगमत निघतं. पण पाणी स्वतः कुठे जातं हे एकदा कळलं, की बाकीची मंडळी कुठे निघालीत ते सांगता येतं. त्यासाठी त्याच्याकडे रंगाची पूड होती. कोरडी असताना विटेच्या चुऱ्यासारखी लालसर आणि पाणी लागलं की अशी हिरवीगार, की पोपटाने लाजावं. चिमूटभर पुडीत तळं रंगतं. ही पूड शोषखड्ड्यात टाकायची आणि पुढचे काही महिने विहिरीवर नजर ठेवायची. विहीर हिरवी झाली नाही की लॉन्ड्री सुटली.

या कामात एक साधा नियम असतो. जो पूड टाकतो, त्याने त्या दिवशी पाण्याचे नमुने घ्यायचे नाहीत. का, ते नव्याने कामाला लागलेल्यांना पीपीएम स्वतःच समजावून सांगायचा. पण त्या दिवशी जोडीदार रजेवर होता, ताई डोक्यावर बसली होती, आणि नियम काय, वेंधळ्या माणसांसाठी असतात. त्याने अर्धा डबा खड्ड्यात ओतला, झाकण दाबलं, डबा पिशवीत टाकला. त्याच पिशवीत नमुने घ्यायची छोटी बादली होती, दोर होता, नॅपकिन होता आणि घरी न्यायची कोथिंबीर होती. मग रंग पोचायच्या आधीचं स्वच्छ पाणी घेऊन ठेवावं म्हणून तो स्कूटर काढून मोठ्या बाईंकडे गेला.

बाई काठाशी उभ्या राहिल्या. त्याने बादली सोडली, हेंदकाळली, वर ओढली. बादली हिरवी. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं. जिथे बादली बुडाली होती तिथून एक हिरवा ढग सावकाश पसरत होता.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे काय रे?"

"हे... हे अजून यायचं होतं."

"म्हणजे येणार होतं, हे तुला माहीत होतं?"

"नाही, म्हणजे येणार नव्हतं. पण आलंच असतं तरी काही महिन्यांनी आलं असतं."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचे हात आपोआप अंगठ्यांकडे जाऊ लागले.

तो स्कूटरवर बसला तेव्हा मनातल्या मनात हिशेब करत होता. जमिनीतलं पाणी गोगलगाईच्या चालीने जातं, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं आणि आयुष्यभर मोजलं होतं. आणि हे पाणी त्याच्या स्कूटरच्याही आधी पोचलं होतं. बातमी मात्र त्याहून वेगाने वर गेली. तो लॉन्ड्रीशी आला तेव्हा दाजी इस्त्रीच्या टेबलावरच बसले होते आणि ताई त्याच्याशी बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे, दाजींकडे बघून बोलत होती.

"विचारा त्याला, सख्ख्या बहिणीच्या मुळावर उठून काय मिळालं?"

तो तोंड लपवायला न्हाव्याकडे गेला. दाढी झाल्यावर न्हाव्याने ओला टॉवेल पिळला, तो हिरवा. न्हाव्याच्या नळाचं पाणी टाकीतून येत होतं, टाकी बोअरवर भरत होती. पीपीएमचे डोळे चमकले. म्हणजे जमिनीखाली मोठी भेग असली पाहिजे! स्टँडवरच्या कँटीनमध्ये त्याने हात धुतले, बेसिन हिरवं. वाण्याकडे माठातलं पाणी घेतलं, पेला हिरवा. घरी बायकोने कोथिंबीर धुतली, तर कोथिंबिरीचा रंग धुतल्यावर इतका खुलला, की तिने ती उंबऱ्याबाहेर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचा पिंप हिरवा झाला, आणि तिथे मात्र पीपीएमची भेग खुंटली. कारण प्रयोगशाळा टेकाडावर होती, लॉन्ड्रीच्या कितीतरी वर. पाणी चढ चढत होतं.

साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पीपीएम, पाणी वर कसं चढलं?"

"दाब असेल, साहेब. जमिनीखाली नदी असणार. भेगाभेगांतून दाबाने वर येत असेल."

"आणि नेमकी आपल्या पिंपात?"

साहेबांनी नकाशा मागितला. लॉन्ड्रीला कुलूप लावायचा हुकूम टाइप होऊन टेबलावर पडला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून त्यावर सही व्हायची होती. पीपीएमने संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि जिथे जिथे हिरवं दिसलं तिथे तिथे ठिपके देऊन नदी काढायला घेतली. नदी लॉन्ड्रीतून निघून विहिरीत गेली, तिथून उलटी फिरून लॉन्ड्रीत आली, मग न्हाव्याकडे, कँटीनमध्ये, वाण्याच्या दुकानावरून घरी. रात्रभर घरी थांबली आणि सकाळी टेकाड चढून प्रयोगशाळेत गेली. त्याने कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. असा प्रवाह त्याने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. आपलं नाव जगात होणार की नोकरी जाणार, हे त्याला कळेना.

बायको ताटं मांडायला आली आणि कागदावर वाकली. तिने बोट टेकवून नदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवली.

"ही न्हाव्याकडे कशाला गेली?"

"तिथे खडक फुटलेला असणार."

"आणि वाण्याकडे?"

"तिथेही असेल. मला तेच समजत नाही."

"मी तुम्हाला साबण आणायला सांगितला होता," बायको शांतपणे म्हणाली. "नदीने आणला. पीपीएम, ती पिशवी इकडे आणा."

पिशवी उपडी केली. डबा, दोर, नॅपकिन, बादली सगळ्यांवर लालसर पूड साचली होती. डब्याचं झाकण तिरकं बसलं होतं. बायकोने नॅपकिनच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला. नदी तिथेच उगम पावली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत ताई, दाजी, मोठ्या बाई सगळे हजर होते. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पीपीएमला पळून जावंसं वाटत होतं. गप्प बसला तर लॉन्ड्री जाणार, बोलला तर अब्रू. त्याने एकदा दाजींकडे पाहिलं. ते स्वतःच्याच विजारीवर हाताने इस्त्री फिरवत बसले होते.

"साहेब, नदी नाही," तो म्हणाला. "ती नदी मीच आहे."

मग त्याने झाकणापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी टोपण परत लावलं. ताईने पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते कळलं नाही. मोठ्या बाईंनी मात्र घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं, की त्यांनाही जरा सांगायचं आहे. काल हिरवं पाणी बघायला त्यांनी विहिरीचं लोखंडी झाकण पुरतं उलटलं, तेव्हा वासाचा उलगडा झाला. झाकण त्यांनीच रंगवून घेतलं होतं, आतल्या बाजूनेही. वास रंगातल्या थिनरचा होता. उन्हाने झाकण तापलं की तो विहिरीत उतरायचा.

"म्हणजे आम्ही सुटलो?" दाजींनी विचारलं.

साहेब म्हणाले, सुटलात. पण विषय निघालाच आहे तर एकदा रीतसर होऊन जाऊ दे. या वेळी गुलाबी रंग आणला गेला. तो ताईने स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकला. नमुने घ्यायला दुसरा माणूस नेमला. पीपीएमला ताकीद होती, की त्याने लॉन्ड्रीच्या आसपास फिरकायचं नाही, विहिरीच्या तर नाहीच. तो इतका पाळून राहिला, की इस्त्रीचे कपडेही बायकोच घेऊन यायची, तेसुद्धा दुसऱ्या लॉन्ड्रीतून. महिन्यामागून महिने गेले. विहीर आरशासारखी स्वच्छ राहिली. दाजींचं वजन वाढलं. ताईने पुन्हा जेवायला बोलावलं, लॉन्ड्रीपासून लांबच्या घरी, आणि या वेळी समोर बसून वाढलं.

आणि एका सकाळी पीपीएमने अंघोळीसाठी बोअरचा नळ सोडला, तर बादलीत गुलाबी पाणी पडू लागलं.

त्याने आधी दोन्ही हात पाहिले. स्वच्छ. मग टॉवेल, साबण, दाराची कडी. सगळं स्वच्छ. तो तसाच पंचा गुंडाळून बाहेर आला आणि गच्चीवर चढला. त्याचं घर टेकाडाच्या पाठीमागच्या अंगाला, माथ्याजवळच होतं. वरून रस्ता विहिरीकडे उतरताना दिसत होता, आणि सगळ्यांनी आजवर त्या उताराकडेच पाहिलं होतं. पण मातीखालच्या खडकाला रस्त्याशी काय देणंघेणं? तो उलट्या बाजूला कललेला होता. लॉन्ड्रीचं पाणी वर्षानुवर्षं मोठ्या बाईंकडे पाठ फिरवून थेट त्याच्या बोअरमध्ये येत होतं. सगळ्या मुलखाचं पाणी त्याने तपासलं होतं. घरचं तेवढं तपासायचं राहिलं होतं.

त्याने साहेबांना फोन केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पीपीएम, दोन दिवस रजा घ्या." मग त्याने ताईला फोन केला.

"ताई, आमच्या बोअरला गुलाबी पाणी आलंय. तुझ्या खड्ड्यातलं. खड्डा बंद करून पक्की टाकी बांधावी लागेल."

पलीकडून ताईचा आवाज आला, अगदी मायेने, लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा.

"बरं हं. आधी नीट हात धुऊन ये. मग बोलू."

दाजींनी फोन घेऊन विचारलं, की त्याची बायको घरात आहे ना. बायकोनेही, स्वतःच्या डोळ्यांनी बादली पाहूनसुद्धा, त्याची पिशवी मुकाट्याने दोनदा झटकून पाहिली. शेवटी त्याने मोठ्या बाईंना गाठलं. त्या लगेच आल्या. येताना स्वतःची बाटली घेऊन आल्या, स्वतःचा साबण घेऊन आल्या, हात धुतले, पुसले आणि नळापाशी जाऊन मागे वळल्या.

"मी घेते नमुना. तू तिकडे, भिंतीशी. कशाला हात लावायचा नाही."

"पण बाई, या वेळी खरंच..."

"हात मागे घे," बाई म्हणाल्या.

आणि पाणी तपासणीतला तो जाणता माणूस स्वतःच्या न्हाणीघरात, पंचा गुंडाळून, हात मागे बांधून भिंतीशी उभा राहिला. समोर बाटली गुलाबी होत होती, ताईच्या लॉन्ड्रीला पक्की टाकी बांधावीच लागणार होती, आणि पंचा सुटत होता.