ओबेदचा सोलो

ओबेद उजगरे वारला, त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात त्याचा सॅक्सोफोनचा सोलो पावणेतीन मिनिटं झाला. सूर एकही ऐकू आला नाही. स्टेजवर त्याच्या जागी कुणी दिसलंही नाही. पण सोलो सुरू झाला ते सगळ्या सभागृहाला कळलं, संपला तेही कळलं, आणि मिरजेचे श्रोते जाणकार, त्यांनी टाळ्या दिल्या.

त्याची बायको शालोमी बास गिटार वाजवायची आणि गायची. रॉकचं गाणं दणक्यात सुरू करायचं, दोन कडवी झाली की जॅझसारखं मोकळं सोडून द्यायचं, मग ज्याला जे सुचेल ते त्यानं तिथल्या तिथं वाजवायचं, अशी त्यांची रीत. नियम एकच होता. वाजवणाऱ्याचं संपेपर्यंत खाली बास चालू ठेवायचा आणि त्यानं मान हलवली की मगच तिसरं कडवं घ्यायचं. आता ओबेद सॅक्सोफोन शिकला तो वरातीच्या बॅन्डमध्ये, नवरदेवाच्या घोड्यापुढं चालत. एकदा सुटला की लवकर हाती लागायचा नाही.

त्याच्या शेवटच्या कार्यक्रमात तिनं तो नियम मोडला होता. सभागृहाची वेळ संपत आली होती, ओबेद रंगात आला होता, आणि तिनं मधेच कडवं उचललं. घरी आल्यावर तो सॅक्सोफोन पुसत बसला. "रागावलास का?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "छे गं. जरा राहिलं होतं, एवढंच." तीन दिवसांनी सकाळी दाढी करता करता गेला. आता बोला!

तेव्हा राहिलेलं तो वाजवणार, यात शालोमीला काही वावगं वाटलं नाही. ड्रमवाले बशीरभाई मुजावर यांनाही नाही. पण सोलो वाढायला लागला. दुसऱ्या महिन्यात अकरा मिनिटं झाला. दिवाळीत सव्वीस. नाताळच्या आधी चांगला पाऊण तास चालला आणि बाकीची गाणी राहूनच गेली. शालोमीच्या बोटांना फोड आले. खरं सांगायचं तर तिला त्याचं सुख वाटायचं. तेवढा वेळ तो होता.

सभागृहाचे व्यवस्थापक पाटणकर यांच्या मात्र डोक्यावरून पाणी गेलं. त्यांनी तिला कार्यालयात बोलावलं.

"उजगरेबाई, कलाकारांच्या यादीत त्यांचं नाव आहे, त्याला आमची हरकत नाही. हरकत वेळेबद्दल आहे. सहा वाजता मला हॉल भजनी मंडळाला द्यायचा असतो."

"मी काय करू साहेब? त्यांचं संपतच नाही."

"तुम्ही मधेच गायला लागा. मागे एकदा लागला होतात ना?"

"त्याचंच तर हे सगळं आहे," ती म्हणाली.

पाटणकरांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. "मग त्यांना लेखी कळवतो. येत्या रविवारी वीस मिनिटांच्या वर गेलं, तर यापुढं तुम्हाला तारीख नाही. बाई, तुमच्या गाण्याला गावात दुसरं कोण जागा देतंय, सांगा?"

कुणीच देत नव्हतं. तारीख गेली की गाणं गेलं, आणि गाणंच गेलं तर ओबेदनं वाजवायचं कुठं? आणि त्याला पुन्हा मधेच तोडायचं म्हणजे तर जिवावरच आलं. चार दिवस तिला घास गोड लागला नाही.

रविवारी कार्यक्रमाआधी पाटणकरांनी ओबेदच्या माइकसमोर उभं राहून नोटीस वाचून दाखवली आणि पोच म्हणून बशीरभाईंची सही घेतली. गाणं सुरू झालं. दोन कडव्यांनंतर सोलो लागला. वीस मिनिटं झाली. पाटणकर विंगेत घड्याळ बघत उभे होते. पंचवीस झाली.

"वहिनी, घ्या आता कडवं," बशीरभाई मागून म्हणाले.

"मी नाही घ्यायची."

"अहो, तारीख जाईल!"

शालोमीनं बास थांबवला नाही. ती माइकजवळ सरकली आणि भरल्या सभागृहात म्हणाली, "ओबेद, त्या दिवशी घाई नव्हती रे. दहा मिनिटं होती आपल्याकडं. तू फार सुंदर वाजवत होतास, लोकांना माझा विसर पडला होता, आणि ते मला सहन झालं नाही. म्हणून तोडलं तुला. चुकलं माझं. माफ कर."

सोलो संपला.

सगळ्यांना कळलं. पाटणकरांनी वरची पाच मिनिटं सोडून दिली आणि घड्याळ खिशात टाकलं. शालोमी बासचे तेच चार सूर पुन्हा वाजवत राहिली, मग आणखी एकदा, त्याला अजून काही सुचतंय का बघत. काही नाही. शेवटी तिनं तिसरं कडवं घेतलं. ओरडून म्हणायचं कडवं ते, अर्धं रडण्यातच गेलं.

पुढच्या महिन्यात ते गाणं साडेचार मिनिटांत आटोपलं. मधली जागा आली, पण तिथं नुसता बास होता, ओबेद नव्हता. पाटणकरांनी सहकार्याबद्दल आभाराचं पत्र दिलं आणि वर्षभराच्या तारखा दिल्या.

बशीरभाई ड्रम पिशव्यांत भरत होते. शालोमी खुर्चीवर बसून होती, गिटार मांडीवर तशीच.

"बशीरभाई, एवढ्यासाठीच थांबला होता हे आधी कळलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी माफी मागितलीच नसती."

"मीही मागू दिली नसती, वहिनी," बशीरभाई म्हणाले.